अनुभव धागा: समाजाच्या विद्यार्थी निधीने तुमच्या शिक्षणाला कुठे हात दिला?

गोळीबार चौक
आमच्या विणकर समाजाच्या मंडळाचा विद्यार्थी निधी पुढे चालू ठेवावा की ती रक्कम समाजभवनाच्या बांधकामाकडे वळवावी, हा प्रश्न या महिन्याच्या सभेपुढे येणार आहे. सूचनापत्र वाचले आणि माझ्या बारावीनंतरचा जून आठवला. घरी हातमाग होता, पण नागपुरी लुगड्याचे गिऱ्हाईक यंत्रमागाने कधीच नेले होते. वडील मागावर बसत आणि आई व मी कांड्या भरत असू. अभियांत्रिकीच्या यादीत नाव लागले तेव्हा शासनाची शिष्यवृत्ती मिळणार हे ठाऊक होते, परंतु ती येणार होती प्रवेशानंतर कित्येक महिन्यांनी, आणि महाविद्यालयाला पैसे त्याच आठवड्यात हवे होते. मंडळाच्या सचिवांनी संध्याकाळी घरी येऊन गुणपत्रिका पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी महाविद्यालयाच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट वडिलांच्या हाती दिला. रक्कम मोठी नव्हती, पण ती वेळेवर आली म्हणून प्रवेश टिकला.
सभेत माझ्या एकट्याच्या अनुभवाने भागणार नाही. ज्यांनी असा निधी घेतला, चालवला किंवा त्यात भर घातली, त्या सर्वांनी कृपया लिहावे.

हिंगणा रोडची शिक्षिका
मी आठवीला शिकवते. एनएमएमएस या आठवीच्या मुलांसाठीच्या केंद्र शासनाच्या शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते, हे शाळेत सर्वांना माहीत असते. अडचण येते ती निवड झाल्यानंतर. उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या नावाचे बँक खाते, त्याला जोडलेले आधार आणि दरवर्षीचे नूतनीकरण, यांपैकी एखादी गोष्ट राहिली की मूल हक्काच्या पैशाला मुकते. एमआयडीसीत रोजंदारी करणारा बाप सेतू केंद्रात दिवस घालवतो, तेव्हा त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. आमच्या वस्तीतील भजनी मंडळाने वर्गणीतून एका निवृत्त लिपिकांना हे काम पाहण्याची विनंती केली आहे. ते मानधन घेत नाहीत, फक्त प्रवासखर्च आणि छायाप्रतींचा खर्च मंडळ देते. तेव्हापासून आमच्या शाळेतील एकाही मुलाचे नूतनीकरण चुकलेले नाही. आपल्या सभेत हाही खर्च शिष्यवृत्ती म्हणून मांडावा, असे मला मनापासून वाटते.

धरमपेठ ते पुणे
ताई, अगदी खरे आहे. पोळ्या लाटत लाटत वाचले, सविस्तर रात्री लिहिते.

कोषाध्यक्ष, नंदनवन
मी गेली अनेक वर्षे आमच्या समाजाच्या निधीचे हिशेब पाहतो, म्हणून जमाखर्चाच्या बाजूने लिहितो. बहुतेक मंडळांचा निधी कायम निधी असतो, म्हणजे मूळ रकमेला हात लावायचा नाही आणि केवळ व्याज वाटायचे, असा नियम घटनेतच असतो. नव्वदच्या दशकात बँकेच्या मुदत ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत असे. त्या हिशेबाने एक लाखाच्या ठेवीतून वर्षाला बारा हजार रुपये सुटत आणि तेवढ्यात कित्येक मुलांची वह्या-पुस्तके होत. २०२०-२१ च्या सुमारास तोच दर साडेपाच टक्क्यांच्या घरात आला, म्हणजे त्याच लाखाचे साडेपाच हजार झाले, आणि दरम्यान वसतिगृहाचा व खानावळीचा खर्च कितीतरी पटीने वाढला. निधी मोडला नाही, कोणी खाल्ला नाही, लेखापरीक्षण दरवर्षी स्वच्छ झाले, तरी त्याची ताकद अर्ध्याहून कमी झाली. हे सभासदांना समजावून सांगावे लागते, कारण पासबुकावरील आकडा पूर्वीइतकाच दिसतो आणि लोकांना निधी सुरक्षित आहे असे वाटते.
आम्ही दोन बदल केले. कायम निधी तसाच ठेवून त्याच्या शेजारी चालू निधी उघडला, ज्यात लग्न, वास्तुशांती किंवा तेरवीच्या निमित्ताने आलेली देणगी त्याच वर्षी खर्च करता येते. आणि पूर्वी प्रत्येक अर्जदाराला थोडे थोडे वाटत होतो, ते बंद करून मोजक्या विद्यार्थ्यांचे शुल्क थेट महाविद्यालयात भरू लागलो. दुसऱ्या निर्णयाने अनेक पालक नाराज झाले. त्यांच्या मुलांना मिळणारे पाकीट बंद झाले होते. मी आजही त्या निर्णयाच्या बाजूने आहे. पाकिटाने मुलाचा सत्कार होत होता, त्याचे वर्ष मात्र निघत नव्हते.
समाजभवनाविषयी एवढेच सांगतो की, विद्यार्थ्यांसाठी म्हणून स्वीकारलेली देणगी दुसरीकडे वळवण्यापूर्वी घटना आणि देणगीपत्रे नीट वाचा. न्यास नोंदणीकृत असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी संबंधित कायदेशीर बाबी जाणकाराला विचारूनच पुढे जावे.

गोळीबार चौक
काका, देणगीपत्रांचा मुद्दा आमच्याकडे कोणीच मांडलेला नाही. जुनी पावतीपुस्तके सचिवांकडे आहेत, ती मागवून घेतो.

कामठी रोड
माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये बदली कामगार होते. जमशेदजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केली आणि पुढे १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता जे. एन. टाटा एन्डोमेंट स्थापन केले. त्या योजनेत विद्यार्थ्याला दान न देता कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतात आणि परत आलेल्या पैशातून पुढच्या विद्यार्थ्याची सोय होते. गिरणी २००२ मध्ये बंद झाली, पण कर्जाची ही पद्धत आमच्या चाळीतल्या मंडळींनी उचलली होती. माझ्या आयटीआयच्या काळात मला जे पैसे मिळाले, ते नोकरी लागल्यावर सवडीने, बिनव्याजी फेडायचे होते आणि लेखी करार कसलाच नव्हता. वडिलांनी मात्र पहिल्या पगाराच्या दिवशीच मला मंडळाच्या खजिनदारांकडे पाठवले. परतफेड करताना माझी मान वर होती, हे मी आजही अभिमानाने सांगतो. गरजू मुलाला घेतलेल्याचे ओझे वाटू नये, यासाठी यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही.

महालची लेक
कामठी रोड दादा, आपला अनुभव मोठा आहे, परंतु परतफेडीची अट सर्वांना झेपत नाही. माझ्या मैत्रिणीने पदवीनंतर लगेच लग्न केले, नोकरी केलीच नाही, आणि त्या पैशांवरून सासर-माहेरात बोलणे झाले. मुलींच्या बाबतीत ही अट ऐच्छिक ठेवावी.

धरमपेठ ते पुणे
आता सवड मिळाली. माझा भाऊ स्वाधार योजनेचा लाभार्थी होता. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना आहे आणि नागपूरसारख्या मोठ्या शहरात तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये धरलेली आहे, त्यात भोजन, निवास आणि निर्वाह असे तीन भाग असतात. योजना उत्तम आहे आणि तिच्यामुळेच तो शिकला. परंतु त्याचा हप्ता जमा होईपर्यंत खोलीचे भाडे आणि खानावळीचे बिल कोणी भरायचे, याचे उत्तर त्या आदेशात नव्हते. ओळखीच्या एका विहार समितीने ते पैसे उसने भरले आणि रक्कम खात्यात आली तेव्हा परत घेतली. खानावळीच्या काकूंनीही थांबण्याची तयारी दाखवली. त्यांचे नाव मी देत नाही, पण आमच्या घरी ते नाव आदराने घेतले जाते. छोट्या निधीने मोठ्या योजनेशी स्पर्धा करू नये. शासनाचा पैसा मंजूर झाल्यापासून तो हातात पडेपर्यंतचे महिने सांभाळावेत.

इंदोरा
ताई, आपल्या विहार समितीला माझा जयभीम. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, ही गोष्ट आमच्या वस्तीत प्रत्येक मुलाला सांगितली जाते. आमच्या अभ्यासिकेचा निधी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांवर खर्च होतो. वर्षभर गोळा झालेल्या वर्गणीतून स्पर्धा परीक्षांची आणि कायद्याची पुस्तके आम्ही तिथे एकगठ्ठा घेतो, आणि ती मुलांना वर्षभर वापरायला मिळतात. रोख पैसे मी घेतलेले नाहीत. मी घेतले ते पुस्तक, दिवा आणि रात्री अकरापर्यंत उघडे राहणारे दार, आणि त्या भरवशावर मी वकील झालो.

नरेंद्रनगर
गुणगौरव समारंभाविषयी कोणीतरी लिहायला हवे. मला दहावीनंतर व्यासपीठावर बोलावले तेव्हा निवेदकांनी माझ्या वडिलांचा पानठेला आणि आमची एक खोली यांचे वर्णन ध्वनिक्षेपकावरून केले. समोर माझ्या वर्गातल्या मुली बसल्या होत्या. पुढच्या वर्षी पात्र असूनही मी अर्ज भरला नाही. "गरीब व होतकरू" हे शब्द अर्जात असू द्यावेत, ते व्यासपीठावर उच्चारू नयेत. पैसे खात्यात जमा करावेत आणि सत्कार करायचाच असेल तर तो केवळ गुणांचा करावा.

महालची लेक
हे वाचून फार वाईट वाटले. मात्र माझ्या आईची आठवण वेगळी आहे. ती कधी शाळेत गेली नव्हती आणि सीताबर्डीच्या सभागृहात माझे नाव पुकारले गेले, तेव्हा तिला माझ्याबरोबर वर बोलावून तिच्या हातात श्रीफळ दिले. आमच्या घराविषयी एक शब्दही कोणी बोलले नाही. समारंभ असा होऊ शकतो, म्हणून तो सरसकट बंद करू नये.

नरेंद्रनगर
आईंना नमस्कार सांगा. असा समारंभ असेल तर माझी काहीच हरकत नाही.

वाडी नाक्याची आई
माझ्या मुलीचा फार्मसीला प्रवेश झाला आहे. मुलींना शुल्क माफ आहे असे सर्व म्हणतात, मग समाजाचा निधी मागावा की नाही?

हिंगणा रोडची शिक्षिका
ताई, २०२४-२५ पासून कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले आहे, पण प्रवर्ग आणि प्रवेशाची पद्धत यांच्या अटी आहेत, तेव्हा महाविद्यालयातून खात्री करून घ्या. राहणे, जेवण, बस आणि प्रयोगशाळेचे साहित्य यांचा खर्च त्यात येत नाही. निधी मागायला संकोच करू नका, अर्जात हा खर्च वेगळा मांडून दाखवा. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्त्यांच्या संकेतस्थळावरचा अर्जही मुदतीत भरा आणि मुलीचे खाते आधारशी जोडलेले आहे का, हे आधी बँकेत विचारा.

वाडी नाक्याची आई
आभारी आहे. उद्याच बँकेत जाते.

गोळीबार चौक
कोषाध्यक्ष काका, एक शेवटचा प्रश्न. आमच्या गल्लीत दुसऱ्या समाजाची एक हुशार मुलगी आहे, तिचे वडील आमच्याच लोकांबरोबर मागावर काम करीत होते. समाजाच्या निधीतून तिला मदत देता येईल का?

कोषाध्यक्ष, नंदनवन
घटनेत "समाजातील विद्यार्थी" असे लिहिलेले असेल, तर कायम निधीच्या व्याजातून देता येणार नाही. आमच्यापुढे असा प्रसंग आला, तेव्हा चालू निधीसाठी देणगी घेतानाच पावतीवर "कोणत्याही गरजू विद्यार्थ्यासाठी" असे लिहून घेण्यास सुरुवात केली. काही ज्येष्ठांचा विरोध होता. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून १९४२ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेत सर्व जातीधर्मांची मुले रसायन तंत्रज्ञान शिकली, हे मी सभेत सांगितले आणि ठराव संमत झाला. तुमच्या सभेत ठरावाचा मसुदा हवा असेल तर कळवा, आमच्या इतिवृत्तातील मजकूर पाठवतो. त्या मुलीच्या प्रवेशाची अंतिम तारीख मात्र आधी विचारून घ्या. सभा त्या तारखेनंतर असेल तर आपण काही जण मिळून पहिला हप्ता भरू.

कामठी रोड
त्यात माझा वाटा धरावा.