एमजीबीत रोव्हर व्ही-८ बसवताना उजव्या बाजूचा हेडर स्टिअरिंग शाफ्टला टेकतो: उपाय काय?

प्रश्न: क्रोमबंपर

नमस्कार मंडळी. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली, १९७२ सालची क्रोम बंपरची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार माझ्याकडे आहे. तिचे मूळचे १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन उतरवून तिथे रोव्हरचे ३५२८ सीसीचे अल्युमिनियम व्ही-८ आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवण्याचे काम सुरू आहे. ब्लॉकला लगटून खाली उतरणाऱ्या तयार हेडरचा (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या संचाचा) एक जोड लावून पाहिला. डावा हेडर विनातक्रार बसला; उजवा मात्र स्टिअरिंग शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटला टेकतो आणि त्याच्या मागच्या नळ्या स्टार्टर मोटरच्या इतक्या जवळून जातात की मधून बोटही शिरत नाही.

मला तीन मार्ग दिसतात. टेकणाऱ्या नळीला पोचा पाडून जागा करावी, इंजिन थोडे डावीकडे सरकवावे, किंवा १९९३ ते १९९५ या काळात निघालेल्या एमजी आरव्ही८ प्रमाणे चाकालगतच्या आतल्या पत्र्याला भोक पाडून हेडर मडगार्डखाली उतरवावेत. पत्रा एकदा कापला की कापला, म्हणून शेवटच्या मार्गाला हात धजावत नाही. शाफ्ट आणि नळी यांच्यात किती मोकळीक असावी आणि यांपैकी कोणता मार्ग धरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: फिलरगेज

तिन्ही मार्ग क्षणभर बाजूला ठेवा आणि इंजिन आत्ता ज्या जागी आहे ती त्याची अखेरची जागा आहे का, ते आधी तपासा. हेडरच्या म्हणून मांडल्या जाणाऱ्या बऱ्याच तक्रारी मुळात माउंटिंगच्या, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते त्यांच्या, असतात. नुसता ब्लॉक आणि हेड टेकवून माप घेतले, तर पुढे इनटेक मॅनिफोल्ड, अल्टरनेटर, तेल आणि गिअरबॉक्स यांचे वजन पडल्यावर माउंटिंगचे रबर दबते, इंजिन काही मिलिमीटर खाली बसते आणि मोजलेली फट तिथेच संपते. म्हणून सगळे वजन चढवून, प्रॉपेलर शाफ्टचा कोन जुळवून आणि माउंटिंगचे बोल्ट पूर्ण आवळून मगच फट मोजावी.

उभ्या गाडीत शाफ्टपासून किमान १२ ते १५ मिमी मोकळीक मी धरतो. यामागचे कारण असे की जोरात ॲक्सिलरेटर दिला की क्रँकच्या प्रतिक्रियेने इंजिन माउंटिंगवर कलते. चालकाच्या जागेवरून पाहिले तर डावी बाजू वर उचलली जाते आणि उजवी खाली दबते, म्हणजे तुमच्या गाडीत जो हेडर आधीच अडचणीत आहे तोच नेमका शाफ्टकडे जातो. जॉइंटवर प्लॅस्टिसिनचा गोळा लावा, डाव्या बाजूने लाकडाचा ठोकळा मध्ये घालून जॅकने इंजिन हलके उचला आणि गोळा किती चेपला ते मोजा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून हीच चाचणी पुन्हा घ्या, कारण जॉइंटचे कान फिरताना बाहेर येतात आणि एका ठिकाणी दिसणारी फट दुसऱ्या ठिकाणी निम्मी होऊ शकते.

इंजिन पाच-सहा मिमी बाजूला सरकवण्यात गैर काही नाही, मात्र ते नव्या ब्रॅकेटने करावे. आहे त्या ब्रॅकेटची भोके कानशीने लांबवून करू नये. शिवाय तुमची गाडी क्रोम बंपरची आहे, हेही लक्षात असू द्या. १९७४ च्या अखेरीस रबर बंपर आल्यावर व्ही-८ साठी केलेले पुढच्या भागातले बरेच बदल साध्या एमजीबीतही आले. तुमच्या गाडीला तो फायदा नाही, त्यामुळे रबर बंपरच्या गाडीत सहज बसलेला संच तुमच्याकडेही बसेल असे गृहीत धरू नका.

उत्तर: बिडाचा भोक्ता

मी थोडे वेगळे सुचवतो. हेडर हवेतच कशाला? १९७३ ते १९७६ मधली कारखान्यातली एमजीबी जीटी व्ही-८ हेडरऐवजी असणाऱ्या बिडाच्या ओतीव मॅनिफोल्डवरच १३७ अश्वशक्ती देत होती आणि ते मॅनिफोल्ड याच इंजिनकक्षासाठी ओतलेले आहेत. कॅमशाफ्ट आणि कार्ब्युरेटर मूळचेच राहणार असतील, तर हेडरने मिळणारी वाढ वरच्या आरपीएममध्ये थोडीफार जाणवेल; रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत ती शोधावी लागेल. त्या बदल्यात कक्षातली उष्णता, आवाज आणि गळणारे गॅस्केट हे सगळे पदरात पडते. बीड वजनाला जड आहे आणि आतून अरुंदही आहे, हे मान्य. पण ते वर्षानुवर्षे मुकाट काम करते.

क्रोमबंपर

दोघांचे आभार. इंजिनावर पूर्ण वजन चढवून आणि चार मिमी डावीकडे सरकवून पुन्हा मोजले. आता हेडर टेकत नाही, पण फट जेमतेम ६ मिमी आहे. कॅमशाफ्ट बदललेला असल्याने बिडाकडे परतण्याची इच्छा नाही. तेव्हा प्रश्न पोचा की पत्रा, एवढाच उरला आहे.

उत्तर: टिगवाला

पोच्याला लोक नको इतके घाबरतात. कडा गोलाईदार असलेला आणि खोली नळीच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी असलेला एखादा पोचा, माझ्या मते, रस्त्यावरच्या गाडीत कळणारही नाही. अट एवढीच की नळी लाल होईपर्यंत गॅसने तापवून गोल डोक्याच्या ठोकळ्याने ती सावकाश दाबावी. थंड नळीवर हातोडा चालवला की कडेला बारीक चीर पडते आणि काही महिन्यांनी ती तिथेच फुटते. तुम्हाला आणखी सात-आठ मिमी हवे आहेत. नळी दीड इंची असेल, तर ते काम एका पोच्यात होते.

मात्र लगटून जाणाऱ्या हेडरचा खरा दोष वेगळाच आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ असा आहे आणि डाव्या बाजूला १, ३, ५, ७ हे सिलिंडर आहेत. म्हणजे डावीकडचे मागचे शेजारी, ५ आणि ७, क्रँकच्या अवघ्या ९० अंशांच्या अंतराने एकापाठोपाठ पेटतात. आखूड हेडरमध्ये या दोघांच्या नळ्या लगेच एकत्र आल्या, तर एकाचा धूर बाहेर पडत असतानाच दुसऱ्याचा दाब त्याच्यावर येतो. उजवीकडे ८ आणि ४ यांचे तसेच आहे, फक्त ते शेजारी नाहीत. यावर उपाय म्हणजे नळ्या लांब ठेवून सगळ्या एकाच कलेक्टरमध्ये (नळ्या एकत्र येतात त्या तोंडात) आणणे, किंवा १ शी ५ आणि ३ शी ७, तसेच ८ शी ६ आणि ४ शी २ अशा जोड्या आधी जुळवणे. ब्लॉकलगतच्या जागेत ही लांबी मावत नाही, मडगार्डखाली मावते. कॅमशाफ्ट बदलला आहे म्हणता, तर पत्रा कापण्याच्या बाजूने बोलणारे हे एकच कारण मला पुरेसे वाटते. उष्णता कक्षाबाहेर जाते, हा वरचा फायदा.

कापायचेच ठरले, तर भोक नळीपेक्षा सगळीकडून किमान २० मिमी मोठे ठेवा, त्याच्या कडेला आतून पट्टी वेल्ड करा आणि पुढचे सस्पेन्शन पूर्ण दाबून, पूर्ण लोंबकळत ठेवून, दोन्ही बाजूंना चाक शेवटपर्यंत वळवून टायर नळीला लागत नाही याची खात्री करा. स्टेनलेस घेणार असाल, तर प्रसरणही हिशेबात धरा: ४०० मिमीची नळी ६०० अंशांनी तापली की सुमारे ४ मिमी लांबते, साध्या पोलादाची ३ मिमीच्या आसपास. हे लांबणे कुठेतरी सामावले पाहिजे, म्हणून कलेक्टरनंतर सरकता जोड किंवा लवचिक तुकडा हवाच. सायलेन्सरची पहिली टांगणी ताठ ठेवली, तर सगळा ताण हेडच्या बोल्टवर येतो, आणि हेड अल्युमिनियमचे असल्याने आधी आटे जातात.

फिलरगेज

टिगवाल्यांचे फायरिंग क्रमाचे म्हणणे पटले. पत्रा कापायला माझी हरकत नाही. पुढे जाण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. उजव्या हेडरच्या वरच ब्रेक आणि क्लचचे मास्टर सिलिंडर आहेत. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश, पण पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरलेला चालतो, असे मानकच सांगते. त्यामुळे त्या नळ्यांपासून किमान २५ मिमी अंतर आणि मध्ये पत्र्याचा उष्णतारोधक पडदा असलाच पाहिजे. स्टार्टरसाठीही तसाच पडदा लावा, नाहीतर गरम इंजिन बंद करून लगेच सुरू करायला गेलात की सोलेनॉइड फक्त टकटक करेल. नळ्यांवर कापडी पट्टी गुंडाळण्यापेक्षा सिरॅमिक लेप बरा, कारण पट्टी ओल धरते आणि साधी पोलादी नळी आतल्या आत कुजते.

नवा हेडर हाती आला की बसवण्याआधी त्याच्या फ्लँजवर (हेडला टेकणाऱ्या जाड पट्टीवर) सरळपट्टी ठेवून खाली फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घाला. वेल्डिंगने फ्लँज वाकलेला असेल आणि पाव मिमीहून जास्त फट दिसली, तर तो मशीनवर सपाट करून घ्या. जास्त आवळून तो सरळ होत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा इंजिन पूर्ण तापून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासा आणि कार्ब्युरेटरचे मिश्रणही नव्याने जुळवा, कारण वाट मोकळी झाली की ते बहुधा पातळ पडते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते.