मदत हवी आहे : बॉल मातीत, तरी स्ट्राइक?

शेवटचा_बेस
रविवारी सॉफ्टबॉलची सेमीफायनल आहे, त्याआधी उत्तर हवंय. गेल्या मॅचला मी बॅट न फिरवता बॉल सोडले, तर अंपायरने मला दोनदा उभ्या-उभ्या तिसरा स्ट्राइक (बॉल मारण्याजोगा होता असा निकाल; तीन झाले की आउट) देऊन आउट केलं. दोन्ही बॉल नडगीएवढे खाली होते. मागे बसलेल्या कॅचरने तर मातीतून उचलले. विचारायला गेलो तर म्हणे, "बॉल-स्ट्राइकवर वाद नाही." नियम सांगा, प्रवचन नको.

डावखुरी
फास्टपिच (बॉल वेगात टाकतात) की स्लोपिच (हळू)?

शेवटचा_बेस
सॉफ्टबॉल हो! त्याने काय फरक पडतो?

डावखुरी
सगळाच फरक पडतो. फास्टपिचला काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत झोन, म्हणजे तेवढ्या उंचीत बॉल आला तर स्ट्राइक. स्लोपिचला बहुतेक ठिकाणी मागचा खांदा ते पुढचा गुडघा.

भाऊ_बॅटवाले
बॅट किती इंची आहे? ३४ च्या वर चालत नाही. हलकी घ्या, खालचे बॉलही उचलता येतात.

डावखुरी
भाऊ, त्यांनी बॅटचं विचारलंय का?

शेवटचा_बेस
कमानीतून उंच टाकतात, म्हणजे स्लोपिचच ना?

चटईवाला
मग होम प्लेटमागे (बॅटरजवळची जमिनीवरची पांढरी पाटी) चटई टाका. बॉल चटईवर पडला की स्ट्राइक, नाही तर 'बॉल' (म्हणजे चुकीचा टाकलेला). आमच्या लीगमध्ये भांडणंच मिटली.

जुना_अंपायर
मिटतील कशी? चटईच्या पुढच्या कडेला पडणारा बॉल प्लेटवरून जाताना कधीकधी गुडघ्याच्याही खाली असतो. तो स्ट्राइक दिला की बॅटर बोंबलणारच.

चटईवाला
निदान सगळ्यांना दिसतं तरी. तुमचा "अंदाज" कुणाला दिसतो?

जुना_अंपायर
असो. धागाकर्ते, बॅटरच्या बॉक्समध्ये (उभं राहायच्या आखलेल्या चौकोनात) उभे कुठे राहता?

शेवटचा_बेस
अगदी मागच्या रेषेला. बॉल बघायला वेळ मिळतो. का?

जुना_अंपायर
तिथेच घोळ आहे. बॉल प्लेटवर असताना किती उंच आहे ते आम्ही बघतो. तो तुमच्यासमोर कुठे आला किंवा कॅचरने कुठे धरला, ते नाही. दहा फुटांवरून उतरणारा बॉल प्लेटवर गुडघ्याशी असला, तर पुढे दोनेक फुटांत जमिनीला टेकतो. मागे उभ्या बॅटरला तो नडगीवरच दिसणार. कॅचरने मातीतून उचलणं तर रोजचंच. आणि रुंदीला प्लेट १७ इंच, कडेला चाटून गेला तरी स्ट्राइक.

भाऊ_बॅटवाले
क्रिकेटसारखं डीआरएस आणा.

शेवटचा_बेस
मग मी वाकून उभा राहिलो तर खांदा खाली येईल, झोन लहान होईल?

जुना_अंपायर
नाही. तुमचा नेहमीचा स्टान्स धरतात. मुद्दाम वाकलात तर दुखेल तुमचीच पाठ. त्यापेक्षा फूटभर पुढे सरका.

शेवटचा_बेस
बरं, सरकतो. पण एवढं त्या अंपायरने तिथेच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

डावखुरी
तुम्ही तिथे विचारलंत की ओरडलात?

शेवटचा_बेस
...थोडं ओरडलो.