मदत हवी आहे: जुन्या ट्यूब ॲम्पचं डिस्टॉर्शन खरखरीत येतंय, दोष पॉवर सेक्शनमध्ये असेल का?

नमस्कार मंडळी,

गिटारसाठी सेकंडहॅन्ड ट्यूब ॲम्प घेतलाय, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा. ५० वॉटचं हेड (स्पीकर वेगळ्या कॅबिनेटमध्ये), ब्रिटिश धाटणीचं सर्किट, पॉवर सेक्शनला दोन ईएल३४ ट्यूब, त्याआधीच्या प्रीॲम्पला तीन ईसीसी८३ ट्यूब, मास्टर व्हॉल्यूम आणि मागे इफेक्ट्स लूप, म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर सेक्शनच्या मधे बाहेरचे इफेक्ट जोडायचे सेंड-रिटर्न जॅक. वाजतो, आवाजही दणदणीत आहे, पण असा ॲम्प ज्याच्यासाठी घेतात ते डिस्टॉर्शनच धड नाही. गेन वाढवला की भरीव आवाज यायला हवा तर कंगव्याला कागद लावून फुंकल्यासारखा पातळ आणि खरखरीत येतो.

सगळ्यात जास्त कळतं ते सूर विरताना. जाड ई तारेवर पॉवर कॉर्ड मारून नुसता धरून ठेवला की सुरुवातीला बरं वाटतं, मग आवाज उतरायला लागला की त्याच्यावर वेगळीच खरखर चढते आणि सूर हळूहळू विझण्याऐवजी मधेच तुटतो. क्लीनवर इतकं जाणवत नाही पण तिथेही आवाज कोरडाच, आणि अगदी हळू छेडलं तर तीच खर कानाला लागते. शिवाय एक हम (सतत घुमणारा आवाज) आहे, सगळे नॉब शून्यावर असले तरी येतोच, व्हॉल्यूमने कमीजास्त होत नाही. फोनमधला ट्यूनर समोर धरला तर जी या सुराच्या किंचित वर दाखवतो, म्हणजे १०० हर्ट्झच, घरातल्या विजेच्या ५० च्या दुप्पट, त्यामुळे अर्थिंगपेक्षा पॉवर सप्लायकडे संशय जातोय.

आता काय काय तपासलं ते सांगतो म्हणजे तेच तेच परत नको. गिटार बदलली, केबल बदलली, पेडल सगळे काढून थेट लावलं, फरक शून्य. कॅबिनेट १६ ओहमचं आहे, हेडवर सिलेक्टरही १६ वरच आहे, आणि तेच कॅबिनेट मित्राच्या ॲम्पवर झकास वाजतं त्यामुळे स्पीकर फाटलेला नाही. घरातलं व्होल्टेज २२५ च्या आसपास असतं आणि मागचा सिलेक्टर २३० वर आहे. लूपच्या सेंड आणि रिटर्नमध्ये छोटी पॅच केबल घालून बघितली, कारण जॅकच्या आतले काँटॅक्ट काळे पडले तरी आवाज मरतो असं ऐकलंय, तेही नाही.

मग प्रीॲम्पच्या ट्यूब बघितल्या तर पहिल्याच जागेवर ईसीसी८३ च्या ऐवजी १२एटी७ निघाली! ईसीसी८३ चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १०० आणि हिचा ६०, म्हणजे आधीच्या मालकाने गेन कमी करायला मुद्दाम बसवली असणार. तिथे चांगली ईसीसी८३ लावली, गेन भरपूर वाढला, पण खरखर आहे तशीच. शेवटी मल्टीइफेक्ट्सचं आऊटपुट थेट लूपच्या रिटर्नला दिलं म्हणजे ॲम्पचा प्रीॲम्प पूर्ण बाजूला, तरीही तोच आवाज, तोच तुटणारा सूर. म्हणून माझं मत असं झालंय की दोष फेज इन्व्हर्टर (दोन पॉवर ट्यूबना सिग्नल उलटसुलट वाटून देणारा भाग) ते आऊटपुट ट्रान्सफॉर्मर या पट्ट्यात कुठेतरी आहे.

इथे पुण्यात एकांना दाखवला, त्यांनी न मोजताच सांगितलं की सगळ्या ट्यूब बदला, सगळे कॅपॅसिटर बदला, मग बघू. मला ते पटत नाही. सगळं एकदम बदललं आणि दोष ट्रान्सफॉर्मरचा निघाला तर? हा ॲम्प मला पुढे विकायचा नाहीये, वर्षानुवर्षं वाजवायचाय, त्यामुळे नक्की काय बिघडलंय ते कळायला हवं. बायस थंड असेल का, म्हणजे पॉवर ट्यूबमधून सिग्नल नसताना वाहणारा करंट कमी पडतोय का? की पॉवर सप्लायमधला हम गाळणारे फिल्टर कॅपॅसिटर सुकलेत? चासी उघडून हात घालायची माझी तयारी नाही, बाहेरून करता येईल असं काय मोजू ते सांगा प्लीज.

प्रतिसाद:

लूप रिटर्नची टेस्ट केलीत ते फार बरं केलंत, निम्मं काम तिथेच झालं. हळू वाजवताना आणि सूर विरताना खर वाढते हे क्रॉसओव्हर डिस्टॉर्शनचं लक्षण आहे, दोन पॉवर ट्यूब एकमेकींकडे सिग्नल सोपवतात तिथे खाच पडते. बायस प्रोब घ्या, तो ट्यूब आणि सॉकेटच्या मधे बसून ट्यूबचा करंट मोजतो, चासी उघडावी लागत नाही. आत ४५० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये राहतो, तेव्हा न उघडण्याचा तुमचा निर्णय योग्यच आहे. ईएल३४ ची मर्यादा २५ वॉट, त्याच्या ७० टक्के म्हणजे १७.५ वॉट, ४५० व्होल्टला साधारण ३९ मिलिअँपियर येतात. दोन्ही ट्यूब १५ मिलिअँपियरच्या खाली असतील तर बायस थंड आहे. पण एक बरी आणि एक खूप कमी असेल तर ॲम्प बंद करून, गार होऊ देऊन दोघींची अदलाबदल करा. कमी रीडिंग ट्यूबबरोबर गेलं तर ट्यूब संपलीय, त्याच सॉकेटवर राहिलं तर सॉकेट, ग्रिड रेझिस्टर नाहीतर ट्रान्सफॉर्मर. तुमच्या हमचंही उत्तर यातच असू शकतं, जोडी बरोबरीची असली की पुश पुलमध्ये, म्हणजे दोन ट्यूब आलटून पालटून काम करतात अशा जोडणीत, १०० हर्ट्झ एकमेकांना बराचसा खोडतो. आणि कॅबिनेट जोडल्याशिवाय ॲम्प चालू करू नका, ट्रान्सफॉर्मर जाईल.

धागाकर्ता:

खूप खूप आभार दादा, प्रोब मिळाला एकाकडून. एका ट्यूबला ३४ मिलिअँपियर आले आणि दुसरीला ११! अदलाबदल केली तर ११ त्या ट्यूबबरोबरच दुसऱ्या सॉकेटवर गेली, म्हणजे ट्रान्सफॉर्मर बहुतेक वाचला, जिवात जीव आला. आता मॅच्ड पेअर मागवतोय आणि बसवल्यावर बायस नीट जाणकाराकडूनच सेट करून घेणार. एवढंच सांगा, नवी जोडी लावूनही हम राहिला तर फिल्टर कॅपॅसिटर त्याच वेळी बदलून घेऊ का, आणि पुण्यात किंवा मुंबईत आधी मोजून मग हात लावणारं कोणी माहितीय का?