दावणीला आजार आला की धीर कुठून आणता? (अनुभव धागा)

गोठ्यातली
बाजारात पोळ्याचं सामान आलंय. झुली, बाशिंगं, गोंडे, घुंगरमाळा. ते बघताना २०२२ चा पोळा आठवला. लम्पीमुळे (गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा तापाचा रोग) बऱ्याच गावांत बैल वेशीवर आलेच नाहीत, दावणीलाच ओवाळले. त्या महिन्यांत कुणी म्हसोबाला नारळ बोलला, कुणी खंडोबाचा भंडारा जनावराच्या कपाळी लावला, आणि तेच हात रात्री कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी घेऊन गाठी धूत होते.
म्हणून धागा काढतेय. जनावर आजारी असताना किंवा घरातलं माणूस आजारी असताना मुक्या जिवाच्या सोबतीने तुम्ही कसे टिकता, नेमकं काय काय करता, ते लिहा. पुढच्याला उपयोगी पडेल असं लिहा, एवढीच विनंती.

मी रवंथापासून सुरू करते. आजारी गाईकडे बघून धीर धरायचा तर आधी काय बघायचं ते कळायला हवं. ताप गुदद्वारातून मोजायचा, दोन मिनिटं, थर्मामीटर आतल्या कडेला टेकलेला हवा. शेणात रुतला तर आकडा कमी येतो आणि आपण उगीच निश्चिंत होतो. १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास ठीक. लम्पीत १०४ ते १०६ पर्यंत जातो. मग डाव्या कुशीत मूठ दाबून धरायची. दोन मिनिटांत पोट दोन-तीनदा मुठीला ढकलतं का बघायचं. ढकलतंय म्हणजे आत काम चालू आहे. नाकपुडी ओली, कान कोमट, आणि घासाला चाळीस-पन्नासदा चावून रवंथ सुरू झाला की देवापुढे दिवा लावायला हरकत नाही. औषध मात्र त्याच दिवशी थांबवायचं नाही.

माणदेशी
गाठी फुटल्यावर माशा बसतात आन दोन दिसांत आळ्या. सगळ्यात वंगाळ तेच. टर्पेंटाइनचा बोळा जखमेत दाबायचा, आळ्या वर येत्यात, चिमट्यानं सगळ्या काढायच्या. एक राहिली तरी परत तेच. मग खोबरेल तेलात कापूर विरघळवून लावायचा. सीताफळाच्या पाल्याचा लगदाबी चालतो, पण सीताफळाच्या बियांची पूड डोळ्याजवळ नको, डोळा जातो.

सांगोलेकर_पशुवैद्य
माणदेशी दादांनी बरोबर सांगितलं. थोडी भर घालतो.

लम्पी हा देवीच्या गटातला विषाणू. माशा, डास, गोचिडांवाटे पसरतो, माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही. २०२२ मध्ये भीतीपोटी लोकांनी दूध ओतून दिलं, त्याची काही गरज नव्हती.

आजारी जनावर वेगळं बांधा. त्याची बादली, दावं, खरारा वेगळा. धार काढताना ते शेवटी. खपल्यांत विषाणू महिनाभर टिकतो, म्हणून गळालेल्या खपल्या उकिरड्यावर न टाकता जाळा. गोठा धुवायला २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट. संध्याकाळी कडुलिंबाचा धूर, शेणाचा ढीग गोठ्यापासून लांब.

लस निरोगी जनावराला. तापलेल्याला नाही. प्रत्येक जनावराला नवी सुई, यावर वाद घालू नका, एका सुईने अख्खी दावण टोचली तर आपणच रोग फिरवतो. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला साधारण तीन आठवडे जातात, तेवढ्यात रोग आला तर लसीला दोष देऊन पुढच्या वर्षी टाळू नका.

आणि तापाचं इंजेक्शन कोणतं ते विचारा. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. मेलॉक्सिकॅम चालतं. आपली गाय वाचवताना रानातलं गिधाडही वाचतं.

पानवाली_मावशी
ते विड्याच्या पानांचं औषध कुणीतरी लिहा ना नीट. व्हॉट्सॲपवर दहा प्रकारे फिरतंय.

गोठ्यातली
मावशी, एनडीडीबीने (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने) सांगितलेलं असं आहे. एका मात्रेला विड्याची पानं १०, काळी मिरी १० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. वाटायचं, गुळात कालवायचं. पहिल्या दिवशी दर तीन तासांनी एक मात्रा, दुसऱ्या दिवसापासून दिवसाला तीन, दोन आठवडे. दर वेळी ताजं वाटायचं. गोळी करून थोडं थोडं जिभेवर ठेवायचं.
वरून लावायला वेगळं: खाजोटी, कडुलिंब, तुळस, मेंदी यांचा पाला प्रत्येकी मूठभर, लसूण १० पाकळ्या, हळद २० ग्रॅम, अर्धा लिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात उकळून गार करायचं. जखम आधी स्वच्छ करून मगच लावायचं.
हे डॉक्टरांच्या औषधाबरोबर. त्याऐवजी नव्हे.

पानवाली_मावशी
देव भलं करो गं बाई तुझं. वहीत उतरवून घेतलं.

सांगोलेकर_पशुवैद्य
पाजताना एक जपा. तोंड पाठीच्या रेषेच्या वर उचलायचं नाही, जीभ ओढायची नाही, खोकली की लगेच सोडायचं. बसलेल्या, माना टाकलेल्या गाईला बाटलीने काहीही पाजू नका. औषध फुप्फुसात जातं आणि मूळ आजारातून उठलेली गाय न्यूमोनियाने जाते.

कोकणातला_नाना
बसलेल्या गाईचा विषय निघालाच आहे तर.

व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत गाय बसली, कान गार, मान वळवून कुशीवर टाकलेली, अशी दिसली की कॅल्शियम उतरलेलं असतं. लोक म्हणतात बाहेरचं काही लागलं, अंगारा लावा. लावा की, कुणी अडवलंय. पण अंगारा लावणाऱ्याने दुसऱ्या हाताने डॉक्टरला फोन लावावा, कारण इथे तास मोजायचे असतात. कॅल्शियमची बाटली ४५० मिलीची, अंगाइतकी कोमट केलेली, शिरेतून अगदी सावकाश. घाईने सोडली तर हृदय बंद पडतं, म्हणून ते काम डॉक्टरचंच. डॉक्टर एका हाताने ठोके ऐकत असतात. बरोबर गेली की गाय ढेकर देते, थरथरते, शेण टाकते आणि पुष्कळदा डोळ्यांदेखत उठते. तो क्षण बघितलेल्या माणसाला पुढच्या दहा संकटांत पुरेल इतका धीर मिळतो.

लगेच नाही उठली तर खरी सेवा सुरू. खाली वीतभर तरी कोरडा पेंढा किंवा वाळू. गुळगुळीत कोब्यावर ठेवू नका, उठताना पाय फाकतात. तिला छातीवर बसती ठेवायची, कुशीला पेंढ्याची पोती लावायची. आडवी पडू दिली तर पोट फुगतं. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. खालच्या पायावर सगळं वजन येऊन मांस मरतं, मग कॅल्शियम चढूनही पाय चालत नाही. मांड्या चोळायच्या. चारा-पाणी तोंडाशी. पहिले दोन दिवस कास पूर्ण पिळायची नाही. रात्रीच्या पाळ्या घरात वाटून घ्या, एकट्याने होत नाही, आणि एकट्याचा धीर पहाटे सुटतो.

राधाक्का
नाना 🙏 पहाटे सुटतो हे अगदी खरं. आमच्याकडे रात्रपाळीला हरिपाठ म्हणतात. हरिपाठ होतो तोवर चोळून होतं.

शहरातली_मांजरवाली
गोठा नाही माझ्याकडे, चालेल ना? घरात केमो चालू असलेलं माणूस आणि मांजर असेल तर काय, हे लिहिते. कारण पहिला सल्ला हाच मिळतो की मांजर देऊन टाका. बहुतेक वेळा द्यावं लागत नाही, आणि त्या दिवसांत पायाशी गुरगुरणारं मांजर काढून घेणं फार क्रूर आहे.

माती-पेटी रुग्णाने साफ करायची नाही, दुसऱ्याने करायची, आणि रोज करायची. टोक्सोप्लाझ्मा या मांजराकडून माणसाला होऊ शकणाऱ्या परजीवीची अंडी विष्ठेतून पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजच्या रोज गेलं की धोका उरत नाही म्हटलं तरी चालेल. मांजराला कच्चं मांस-मासे नाही, बाहेर शिकारीला सोडायचं नाही. नखं कापलेली. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात, तेव्हा ओरखडा, चावा, जखम चाटणं अजिबात नको. सलाईनची नळी जिथे बसवली आहे तिथे तोंड लावू द्यायचं नाही. हात साबणाने वीस सेकंद. तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना घरात प्राणी आहे हे आधीच सांगा.

उलट बाजूही आहे. केमोनंतर पहिले ४८ तास रुग्णाच्या लघवी-उलटीत औषध उतरतं. कमोडचं झाकण बंद ठेवा, कुत्री त्यातलं पाणी पितात. उशाशी ठेवलेल्या गोळ्या डब्यात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. फिनेलने फरशी पुसत असाल तर तेही बंद करा, मांजराच्या यकृताला ते पचत नाही.

बाकी श्रद्धेचं म्हणाल तर, ज्याला सकाळी उठावंसं वाटत नाही त्याला सात वाजता वाटी वाजवणारं कुणीतरी लागतं. अन्नाची वाटी रुग्णाच्याच हाताने भरू द्या. तेवढं काम त्याचं राहू द्या.

माणदेशी
ताई ह्ये लय भारी लिवलं. म्हातारी माणसंबी अशीच. गाय इकली की माणूस बसतंय.

विदर्भातली_सून
माझा फक्त एक मुद्दा. गाय गाभडली तर तो पडलेला गर्भ, वार उघड्या हाताने उचलू नका. ब्रुसेला असू शकतो, हा जनावरातून माणसात येणारा जंतू. माणसाला चढउताराचा ताप, सांधेदुखी महिनोन् महिने राहते आणि निदान उशिरा होतं. हातमोजे, खोल खड्डा, वर चुना. गरोदर बायांनी तर जवळसुद्धा जाऊ नये. माया वेगळी, हे वेगळं.

राधाक्का
पोळ्याला खांदेमळणीला हळद आणि लोणी की तूप? आमच्यात दरवर्षी वाद.

कोकणातला_नाना
लोणी असेल तर लोणी, नाहीतर तूप. खांदा जूने सोलला असेल तर आधी कोमट मिठाच्या पाण्याने पुसा, कोरडा करा, मग लावा. आणि हात तिथेच थांबवा थोडा वेळ. गाठ, ऊब, सूज लागते का बघा. मळणी ही पूजा आहे तशीच तपासणीही आहे.

सांगोलेकर_पशुवैद्य
पोळ्याचं बोलताय तर हात जोडून सांगतो, पुरणपोळ्यांचा ढीग घालू नका. उपाशी बैलाला एकदम पुरण, गव्हाची उकड, भिजवलेलं धान्य घातलं की पोटात आम्ल तयार होतं. दुसऱ्या दिवशी रवंथ बंद, दात खाणं, आंबूस वासाचं पातळ शेण, चालताना झोक जाणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हीच रांग असते. आधी पोटभर वैरण घाला, मग घरातल्या प्रत्येकाने नैवेद्याचा एकेक घास. त्रास दिसलाच तर डॉक्टर येईपर्यंत मोठ्या बैलाला १०० ग्रॅमच्या आसपास खाण्याचा सोडा पाण्यातून, वर सांगितलं तसं सावकाश, आणि बैल उभा असेल तरच.

पानवाली_मावशी
अगं बाई! आम्ही पाच-पाच पोळ्या घालतो. एकेक घास बरा. नामदेवराय कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ते डॉक्टर नव्हते भेटले 😄

राधाक्का
😂 मावशी. पण खरंच, आपल्या संतांच्या गोष्टी बघा. एकनाथांनी रामेश्वरला न्यायचं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं. माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे, लोक दर्शनाला जातात. माणसाच्या रांगेत जनावर पहिल्यापासून आहे आपल्याकडे.

वारीतला_भिकू
माउलींच्या रथाच्या बैलांचं कुणी लिहिलं नाही. दिवे घाटात चढाला जादा बैलजोड्या जुंपतात. वारीला जाणाऱ्या कुठल्याही बैलाच्या पायाचं बघा आधी. बैलाच्या एका पायाला दोन नाल, म्हणजे बैलामागे आठ. डांबरावर झिजतात लवकर.

विदर्भातली_सून
भिकूदादा, नाल ठोकल्यावर बैल लंगडला तर?

वारीतला_भिकू
खूर हाताने चाचपा. एक खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर खिळा जिवंत भागात गेलाय. नालबंदाकडून तो खिळा लगेच काढून घ्या, भोकात आयोडीन, धनुर्वाताचं इंजेक्शन. त्या दिवशी जुंपायचं नाही, कितीही मानाचं काम असो.

तापी_काठ
उशिरा आलो. लम्पीने जनावर दगावल्यावरचं लिहितो, हेही कुणीतरी सांगायला पाहिजे. २०२२ मध्ये शासनाने दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत ठरवली होती. पुरायच्या आधी पशुवैद्यकाकडून पंचनामा आणि कानातला बिल्ला दिसेल असा फोटो घ्यावा लागतो. दुःखात माणूस आधी पुरून मोकळा होतो आणि मग कागद अडतो. शेजाऱ्याने एवढं काम अंगावर घ्यावं. खड्डा आठ फूट, खाली-वर चुना, विहीर-ओढ्यापासून लांब. वर दगड रचा, कुत्री उकरतात.
घरातल्या पोरांना हळदकुंकू वाहू द्या. लपवू नका त्यांच्यापासून.

गोठ्यातली
तापीदादा, बरं झालं लिहिलंत. सर्वांनी १९६२ हा नंबर फोनमध्ये ठेवा, जनावरांच्या दवाखान्याचा, टोल फ्री आहे.

पानवाली_मावशी
वसुबारसेला गाईला काय घालायचं पण? तेही आत्ताच सांगून ठेवा डॉक्टर.

सांगोलेकर_पशुवैद्य
मावशी, हिरवा चारा आणि घासभर गूळ. वासराला गूळसुद्धा नको, आईचं दूध पुरे. त्या दिवशी बायका गाईचं दूध खात नाहीत, तर निदान तेवढी एक धार पूर्ण वासराला सोडा. पण वासरू दूध कमी पिणारं असेल तर बेतानं, एकदम पोटभर पाजलं की हगवण लागते.