गोवरानंतर मुलगा सारखा आजारी पडतोय, मदत हवी आहे

माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला दोन महिन्यांपूर्वी गोवर निघाला. ९ महिन्यांची लस दिली होती, १६ महिन्यांनंतरचा दुसरा डोस गावी गेल्यामुळे राहिला (चूक आमचीच). पुरळ गेलं, पण तेव्हापासून कानदुखी, जुलाब, खोकला चालूच.

गोवराचा विषाणू जुन्या आजारांची ओळख ठेवणाऱ्या पेशीच मारतो, असं वाचलं. २०१९ च्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांच्या ११ ते ७३ टक्के अँटीबॉडीज गेल्या होत्या! सासूबाई म्हणतात, "गोवराने अंगातली घाण निघते." काय बोलणार?

'अ' जीवनसत्त्वाचे दोन्ही डोस दिलेत. आधीच्या लसी पुन्हा द्याव्या लागतात का? राहिलेला डोस आता घ्यायचा का? बालवाडीत कधीपासून पाठवलंत? कुणी बालरोगतज्ज्ञ असतील तर कृपया सांगा.