सबमरीनर सेकंड-हँड घेतोय: जुनं १६६१० की नंतरचं ११६६१०?

काटेकोर
नमस्कार मंडळी. रोलेक्सचं सबमरीनर घड्याळ घ्यायचं बरेच दिवस मनात आहे, नव्या कोऱ्यासाठी शोरूमवाल्यांची मनधरणी करायची हौस नाही म्हणून सेकंड-हँडच बघतोय. शोधता शोधता दोन मॉडेलवर येऊन गाडी अडलीये. एक १६६१०, विकणारा सांगतोय १९९५ चं आहे, बॉक्स आहे पण पेपर नाहीत, काळं अ‍ॅल्युमिनियमचं बेझल (काचेभोवतीची फिरती कडी), लग्जना (पट्टा धरणाऱ्या टोकांना) आरपार भोकं असलेलं. दुसरं ११६६१०एलएन, २०१४ चं, सिरॅमिक बेझल, बॉक्स-पेपर सगळं जागेवर. दुसरं अर्थात महाग आहे पण ओढूनताणून जमेल. मनगट बारीक आहे माझं. आणि रोज घालणार, कपाटात ठेवून किंमत वाढायची वाट बघत बसणार नाही. जुन्याचं रूप मनात भरलंय पण इतक्या वर्षांचं मशीन म्हणजे कटकट मागे लावून घेतल्यासारखं होईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

लंबक
मशीनची भीती आधी डोक्यातून काढा, कारण दोन्हीत मशीन एकच आहे! कॅलिबर ३१३५. १९८८ मध्ये आलं आणि सबमरीनरमध्ये थेट २०२० पर्यंत टिकलं, मग ३२३५ आलं आणि केस (बाहेरचं धातूचं कवच) ४१ मिमीची झाली. तासाला २८,८०० ठोके, पूर्ण चावी भरली की साधारण दोन दिवस चालतं. २०१४ वाल्यात निळी पॅराक्रोम हेअरस्प्रिंग (मशीनची चाल राखणारी केसासारखी स्प्रिंग) आहे, तिला चुंबकाची बाधा होत नाही, पण मूळ रचना तीच. आणि हे मशीन इतक्या घड्याळांत बसलंय की अनुभवी कारागिराला ते नवखं नाही. म्हणजे तुम्ही मशीन निवडतच नाही आहात, केस, पट्टा आणि बेझल निवडताय.

मनगट बारीक असेल तर माझं मत सरळ १६६१०. कागदावर दोन्ही ४० मिमी, पण ११६६१० चे लग्ज आणि क्राउन गार्ड (चावीच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे) असे रुंद केलेत की हातात ते एक साइझ मोठंच वाटतं, त्यात डायलवरचे ठिपकेही मोठे. जुनं शर्टाच्या बाहीखाली गुपचूप सरकतं.

खोलपाणी
लंबक, मशीनबद्दल सहमत, बाकी नाही. रोज घालणार म्हणतायत ना ते, मग पट्ट्याचा विचार कोण करणार? १९९५ चं असेल तर ९३१५० ब्रेसलेट असणार, त्याच्या केसला लागून असलेल्या टोकाच्या कड्या पोकळ आणि क्लास्प (पट्टा बंद करायची कडी) पत्र्याचा. हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजतं. त्यात इतकी वर्षं वापरलेलं असेल तर कड्या झिजून पट्टा सैल पडलेला असतो, आडवं धरून बघा, किती झोल खाली येतो ते लगेच कळेल. ११६६१० ला ग्लाइडलॉक क्लास्प आहे, दोन-दोन मिमीनं जवळपास २० मिमीपर्यंत कमीजास्त होतो, अवजार लागत नाही. उकाड्यात मनगट फुगतं तेव्हा याची किंमत कळते, एकदा सवय लागली की जुन्या क्लास्पमध्ये टोकदार काडी घालून पिन सरकवत बसणं नको वाटतं.

सिरॅमिकवर चरे पडत नाहीत, उन्हानं रंग उडत नाही. हां, दगडी कठड्यावर जोरात आपटलं तर तडकू शकतं आणि मग अख्खं इन्सर्ट (बेझलवरची आकड्यांची चकती) बदलायचं, तो खर्च अ‍ॅल्युमिनियमपेक्षा पुष्कळ जास्त.

चावीवाला
दोघंही मॉडेलवर भांडताय, मी म्हणतो समोरचा पीस बघा. १६६१० मध्ये सगळ्यात मोठा घात पॉलिश करतं. दर सर्व्हिसला बफ मारून मारून लग्ज बारीक होतात, कडा गोल होतात, आणि गेलेला धातू परत येत नाही (लेझर वेल्डिंगनं भरणारे आहेत, पण तो वेगळा विषय आणि वेगळं बिल). तुमच्यात आरपार भोकं आहेत ना, उत्तम, त्यावरूनच कळेल. चारही भोकं लगच्या कडेपासून सारख्या अंतरावर दिसतायत का? एखादं कडेला टेकलेलं दिसलं तर तिथलं बरंच घासलं गेलंय.

मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा, टाइमग्राफरवर (मशीनची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लावा, पूर्ण चावीला अ‍ॅम्प्लिट्यूड (बॅलन्स व्हीलचा झोका) २७० अंशांच्या आसपास किंवा वर असेल तर तब्येत ठीक. ३०० मीटर लिहिलंय म्हणून पोहायला घेऊन जाऊ नका, आधी प्रेशर टेस्ट, गॅस्केटं (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलली नसतील तर त्या आकड्याला अर्थ नाही. आणि हे ११६६१० लाही लागू. उलट त्याच्या नकला जास्त सफाईदार निघतात, ३१३५ ची हुबेहूब कॉपी टाकलेल्या, त्यामुळे नुसत्या कार्डावर विश्वास ठेवू नका.

काटेकोर
धन्यवाद सगळ्यांना, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. काल १६६१० परत बघून आलो. भोकं सारखी आहेत, पट्टा थोडा झोल देतो पण फार नाही. आणि अंधारात काय झळकतं, काटे आणि ठिपके दोन्ही हिरवे लख्ख! डायलवर खाली ६ पाशी 'स्विस मेड' लिहिलंय. टाइमग्राफर उद्या.

लंबक
थांबा थांबा. १९९५ चं आणि लख्ख झळकतं? तेव्हा अंधारात झळकण्यासाठी ट्रिटियम (किरणोत्सारी पदार्थ) वापरायचे, त्याची हाफ-लाइफ १२.३ वर्षं, म्हणजे आजवर जवळपास विझलेलंच असायला हवं आणि ठिपके बहुतेक पिवळसर. शिवाय त्या काळच्या डायलवर खाली 'स्विस – टी<२५' असतं. १९९८ च्या सुमारास ट्रिटियम गेलं, मधे थोडा काळ नुसतं 'स्विस' आणि मग 'स्विस मेड'. म्हणजे एकतर वर्ष चुकीचं सांगतायत, नाहीतर डायल आणि काटे सर्व्हिसमध्ये बदललेत.

चावीवाला
+१. बदललेली डायल रोलेक्सचीच असेल तर रोज घालणाऱ्याला फायदाच आहे, रात्री वेळ दिसते. पण विकणाऱ्यानं ते आधी सांगायला हवं होतं आणि भावातही दिसायला हवं, कारण संग्रह करणारा मूळ डायलचेच पैसे देतो. सीरियल नंबर ६ वाजता पट्ट्याच्या आत, लग्जच्या मधे कोरलेला असतो, पट्टा काढून वर्ष ताडून घ्या.

खोलपाणी
मी नव्याच्या बाजूचा असूनही एक सांगतो. या दोनातच का अडकलाय? साधारण २००० ते २००३ मधलं १६६१० शोधा की. त्याला टोकाच्या कड्या भरीव आल्या, ९३२५० ब्रेसलेट, खडखडाट बराच कमी. डायलवर ट्रिटियमऐवजी सुपर-ल्युमिनोव्हा (उजेड शोषून झळकणारा रंग), त्यामुळे झळकणं मूळचंच, आणि लग्जची भोकं अजून होती. क्लास्प तेवढा पत्र्याचाच मिळेल, त्याला इलाज नाही.

काटेकोर
अरे हे भारी आहे, भोकंही राहिली आणि पट्टाही सुधारला! सीरियल उद्या बघतो, पण १९९५ वाल्याला अ‍ॅडव्हान्स देणार होतो तो थांबवलाय. २००० नंतरचं कोणाच्या पाहण्यात असेल, पॉलिश न केलेलं, तर व्यनि करा.