यात्रेच्या शिलकीतून शाळेला टच पॅनल आणि सॉफ्टवेअर : मी विरोधात आहे

कोरेगावचा गणितवाला
आमच्या गावच्या यात्रा कमिटीकडे यंदा बऱ्यापैकी पैसे शिल्लक राहिलेत आणि ते शाळेला द्यायचं ठरलंय. तेवढ्यात एक विक्रेता मोठा टच पॅनल आणि 'पहिली ते दहावी संपूर्ण अभ्यासक्रम' असं सॉफ्टवेअर घेऊन आला. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये डेमो झाला. अपूर्णांकाच्या धड्यात एक ससा हिंदी वळणाच्या मराठीत गाजराचे तुकडे करत होता. मंडळी खूश. मी हायस्कूलला गणित शिकवतो म्हणून मला विचारलं, मी नको म्हणालो. तेव्हापासून मी जुन्या विचारांचा.

संगणकाला माझी ना नाही. शिकवायच्या तासाच्या जागी तो बसवायला आहे. तुकडे ससा करतो, पोरं बघतात. आठवीत बसलेल्या ज्या पोराचा भागाकार पाचवीत अडला, त्याचा तो आजही अडलेलाच आहे, आणि पॅनलवर धडा लागतो आठवीचा.

हे नुसतं माझं मत नाही. गुजरातेत ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञाने एकाच सॉफ्टवेअरची दोन तऱ्हांनी तपासणी केली होती, अभ्यास २००८ चा. शाळेच्या वेळेत, नेहमीच्या शिकवण्याऐवजी संगणक लावला तिथं मुलं मागे पडली. तोच संगणक शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून दिला, तिथं पुढे गेली, आणि कच्च्या मुलांना जास्त फायदा झाला. माझं म्हणणं एवढंच की पॅनलच्या पैशात साधे संगणक घ्या, सरावाचं सॉफ्टवेअर टाका, एका संगणकावर दोन मुलं बसवा, शाळा भरण्याआधी नाहीतर सुटल्यावर.

विरोधात बोला, पण 'कर्मवीर अण्णांच्या जिल्ह्यात असे विचार?' हे नको. प्रत्येक वादात अण्णांना साक्षीला बोलवायची सवय सोडूया.

जत पूर्वभाग
सर, तुमच्याकडे गणिताला वेगळा माणूस आहे म्हणून तासाच्या जागी की तासाबाहेर हा प्रश्न तुम्हाला पडतो. आमची पहिली ते चौथीची शाळा, शिक्षक दोन. त्यातला एक बहुतेक वेळा केंद्राच्या मीटिंगला नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला. मी पहिलीला अक्षरं गिरवून घेते तेव्हा तिसरी-चौथी काय करते? 'पुस्तकातलं बघून लिहा.' तुम्ही जो शिकवण्याचा तास वाचवायला निघालाय, तो आमच्याकडे मुळात होतच नाही. त्या वेळात चौथीच्या पोरांनी टॅबवर गुणाकार सोडवले तर कुणाचं काय जातं?

दुसरं. आमच्याकडची निम्मी वस्ती दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते. पोरं आई-बापांबरोबर फडावर. परत येतात तेव्हा वर्ग पार पुढे गेलेला असतो आणि वार्षिक परीक्षा तोंडावर. मी एकटी त्या प्रत्येकाला मागे नेऊन कधी शिकवणार? चांगलं सॉफ्टवेअर पोराला जिथं सोडलं होतं तिथून उचलतं. चुकलं तर रागावत नाही, वर्गात कुणी हसत नाही.

माणदेशी गडी
सर म्हनत्यात त्ये खरं हाय. आमच्या शाळंत आला की पॅनल. नारळ फोडला, पुढाऱ्याचा फोटू पेपरात आला. आता त्यो हेडमास्तरांच्या खोलीत कुलपात. का, तर म्हणं चोरीला जाईल. पोरांनी विचारलं तर 'हात लावू नका, महाग हाय'. आन् दुसऱ्या सालाला चालू कराय गेलं तर पडद्यावर फी मागतंय. पैसं भरा, मगच धडा दिसंल. एकदा इकत घेतल्यालं परत परत कसं इकत घ्यायचं, ह्ये कुणीतरी समजावून सांगा.

विश्रामबाग पालक
जत पूर्वभागच्या ताईंशी सहमत. माझा मुलगा सातवीत आहे, सांगलीत, वर्गात साठच्या आसपास मुलं. तो पूर्णांकांची वजाबाकी सतत एकाच पद्धतीने चुकवत होता. ऋण वजा ऋण आलं की दोन्ही चिन्हं पुसून बेरीज. वर्गशिक्षिकांना ते कळलं नाही, त्यांचाही दोष नाही, साठ वह्या तपासायच्या म्हणजे बरोबर-चूक करून सही ठोकायची. ॲपने ते पकडलं आणि त्याच प्रकारची उदाहरणं पुढे टाकत राहिलं. हे यंत्राचंच काम आहे, माणसाकडून अपेक्षा करू नये.

दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांचा अभ्यास आहे, २०१९ ला प्रसिद्ध झाला. जेमतेम साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी, दोन्हींत मुलं स्पष्ट पुढे गेली. कारण हेच, प्रत्येकाला त्याच्या पातळीचं मिळालं.

कोरेगावचा गणितवाला
विश्रामबाग, दिल्लीचा तो कार्यक्रमसुद्धा शाळा सुटल्यावर, केंद्रात चालायचा आणि सोबत माणूस छोट्या गटाला शिकवायचा. म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडली. आणि घरच्या मोबाईलबद्दल ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'चा २०२४ चा अहवाल बघा. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी वापरला आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. तुमचा मुलगा ॲपवर बसतो, कारण मागे तुम्ही उभे असता.

विलिंग्डनच्या कट्ट्यावरून
सगळे सरावावरच अडलेत. सॉफ्टवेअर म्हणजे फक्त गणितं सोडवून घेणारा मुनीम नव्हे. जिओजेब्रा घ्या, आकृती पडद्यावर काढून हलवता येतात असं भूमितीचं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रियात साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने २००१-०२ च्या सुमारास बनवायला घेतलं. शाळांना फुकट, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही.

दहावीचं 'वर्तुळ' प्रकरण. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सगळे कोन एकरूप असतात, हे पोरं घोकतात. फळ्यावर तुम्ही तीन कोन काढाल, त्यातला एक हात हलून चुकीचा. जिओजेब्रात शिरोबिंदू धरायचा आणि वर्तुळावरून ओढायचा. कोन ४० अंश, ४० अंश, ४० अंश, हलत नाही. आणि बिंदू जीवेच्या पलीकडे गेला की एकदम १४०! माझ्यासमोर एक मुलगी 'बिघडलं, बिघडलं' म्हणून ओरडली. मग तिनेच दोन्हींची बेरीज केली, १८० भरली, आणि चक्रीय चौकोनाचं प्रमेय वर्गात आलं, पुस्तक न उघडता. हे तासाबाहेर कशाला? हाच तर तास.

कोरेगावचा गणितवाला
हे मुद्द्याचं बोललात. त्या १४० ला मीही दाद देतो. पण माझा अनुभव पुढचा आहे. डोळ्याला दिसलं की पोरांना पटतं, आणि पटलं की सिद्धता नको वाटते. 'सर, दिसतंय की सारखं, मग पक्ष-साध्य कशाला लिहायचं?' बोर्ड सिद्धता विचारतं हे सोडा. पन्नास ठिकाणी बिंदू ओढून बघणं आणि सगळ्याच बिंदूंसाठी का खरं आहे हे सांगणं, यातला फरक तिथं पुसला जातो. आधी कंपास, कोनमापक, कागद. आकृती हाताने काढताना कर्कटक घसरतो, तेव्हा त्रिज्या म्हणजे काय ते कळतं. मग खुशाल ओढा बिंदू.

विलिंग्डनच्या कट्ट्यावरून
उलट. ४० चं १४० का झालं, हा प्रश्न पडल्याशिवाय सिद्धता लिहिणारी पोरं ती गाइडमधून पाठ करतात. तुमच्या वर्गातलीही करत असतील, रागावू नका.

आणि गुजरातचा दाखला द्यायचा तर वडोदऱ्याचाही द्या. बॅनर्जी, डुफ्लो वगैरेंचा अभ्यास, २००७ ला छापून आला. तिथं सरकारने शाळांना चार-चार संगणक दिले होते आणि बरेचसे नुसते पडून होते. 'प्रथम' या संस्थेने ते चालू केले. चौथीची मुलं, आठवड्याला दोन तास, त्यातला एक तास शाळेच्या वेळेतच, आणि गणितात चांगलीच वाढ झाली. तेव्हा 'शाळेच्या वेळेत लावलं की नुकसान' हा नियम नव्हे. मात्र कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने त्या वाढीतला थोडाच भाग उरला होता. हे तुमच्या संगणकांनाही लागू आहे, सर. एक वर्ष हौसेने चालवून काही होत नाही.

कराडचा जुना लॅबवाला
मी शाळेच्या संगणक कक्षात कंत्राटी निदेशक होतो. मशीन कधीच अडचण नसते. करार संपला की निदेशक घरी, आणि मग लॅबची किल्ली कुणाकडे हेच ठरत नाही. बॅटऱ्या पहिल्यांदा मरतात, मग माऊस. वीजबिल थकलं की मीटर तोडून नेतात. यात्रेच्या पैशातून काहीही घ्या, पण चौथा हिस्सा दुरुस्ती आणि बिलासाठी बाजूला ठेवा. त्याचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून तो कुणी ठेवत नाही.

विज्ञानाच्या शिक्षकांसाठी एक. फेट नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग आहेत, कोलोरॅडो विद्यापीठाची, बरीच मराठीतही मिळतात. विद्युत परिपथाच्या खेळात जास्त धारा गेली की घटाला आग लागते. पोरं आधी तेच करतात, मुद्दाम. करू द्या. पण नंतर खरा सेल, खरा बल्ब द्या, कारण पडद्यावर तार कधी सैल होत नाही.

वाईची ताई
पलीकडच्या सोलापूर जिल्ह्यात डिसले गुरुजींनी पुस्तकांवर क्यूआर कोड आणले आणि २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. तेही परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून. आपण मात्र ससा बघून वाद घालतोय.

माणदेशी गडी
ताई, गुरुजी तसलं असल्यावर सॉफ्टवेअर कुठलं बी चालतंय. गुरुजी कुठनं आणायचं, त्याचा डेमो कोन देत न्हाई.

जत पूर्वभाग
आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्या पूर्व भागात पोरं घरी कन्नड बोलतात. सॉफ्टवेअरमधली बाई पुण्याच्या मराठीत भराभर सूचना देते. पोरांना बेरीज येते, 'खालीलपैकी योग्य पर्याय निवडा' कळत नाही. मी शेजारी उभी राहून कन्नडमध्ये सांगते, मग बोट बरोबर पडतं. म्हणून विकत घेताना आवाज बंद करता येतो का आणि सूचना आपल्या आवाजात भरता येतात का, हे विचारा. आमच्या टॅबमध्ये नाही येत.

कोरेगावचा गणितवाला
हे डेमोवाल्याला नक्की विचारतो, मॅडम. तुमच्या दोनशिक्षकी शाळेपुरतं तुमचं म्हणणं मान्य, तिथं टॅब हवेच. पॅनल नव्हे. पण आमच्यासारख्या हायस्कूलला मी शाळेआधीचा वेळच सुचवेन. नऊला लॅब उघडायची, साडेदहाला प्रार्थना.

विश्रामबाग पालक
नऊला वाड्यावस्त्यांवरची मुलं येतील?

कोरेगावचा गणितवाला
एसटी दहाची आहे. सायकलवाली येतील.

जत पूर्वभाग
म्हणजे गावठाणातली येतील. तुमची भागाकार अडलेली पोरं कुठे राहतात, ते एकदा हजेरीपटावर बघा, सर.

कोरेगावचा गणितवाला
मग कार्यानुभवाचा तास घेऊ.

माणदेशी गडी
त्या तासाला परसबाग असती. वांगी कोन काढनार?